पगारपत्रकातले दोनशे रुपये

भाचा पुण्याला नोकरीला लागला त्याला आता काही वर्षे झाली. मागे चतुर्थीला घरी आला तेव्हा गणपतीसमोर बसून गप्पा मारताना त्याने मोबाईलवर आपले पगारपत्रक उघडून दाखवले. "मामा, हे बघा. भविष्य निर्वाह निधी समजला, आयकर समजला. पण हे पी. टी. म्हणून दर महिन्याला दोनशे रुपये कापतात ते कशासाठी? आणि फेब्रुवारीत तीनशे!"

पी. टी. म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, मराठीत व्यवसाय कर, एवढे मी त्याला सांगितले. आपल्या गोव्यात पगारातून असला कर कापत नाहीत, त्यामुळे पणजीत नोकरी करणाऱ्या त्याच्या भावाला हा प्रकार ठाऊकच नव्हता. अकरा महिने दोनशे आणि एक महिना तीनशे, म्हणजे वर्षाचे बरोबर २५०० रुपये. हा आकडा घटनेतून आला आहे. घटनेच्या २७६ व्या कलमाने या कराला वरची मर्यादा घातलेली आहे. सुरुवातीला ती वर्षाला २५० रुपये होती, ती १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने २५०० केली. त्यानंतर रुपयाची किंमत कुठल्या कुठे गेली, मर्यादा तिथेच आहे.

"पण जातात कुठे हे पैसे?" भाच्याचा खरा प्रश्न हा होता. त्या दिवशी आरतीची वेळ झाली आणि उत्तर राहून गेले. ते सांगायचे तर एका आमदाराची गोष्ट सांगावी लागते, आणि ती आरतीआधीच्या पाच मिनिटांत सांगण्यासारखी नाही.

त्या आमदाराचे नाव विठ्ठल सखाराम पागे. सांगली जिल्ह्यातले, १९१० सालचा जन्म, गांधीजींच्या चळवळीत घडलेले, वकिलीचे शिक्षण घेतलेले आणि संतसाहित्यात मुरलेले गृहस्थ. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले तेव्हापासून १९७८ पर्यंत, म्हणजे तब्बल अठरा वर्षे, ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सभापतिपदाची एवढी दीर्घ कारकीर्द दुर्मीळच. ते कधी मंत्री झाले असते तर कदाचित त्यांचे नाव जास्त लोकांना ठाऊक असते.

आपल्याकडे विधान परिषद नाही. १९६३ ची पहिली निवडणूक झाली ती तीस आमदारांच्या एकाच सभागृहाची, आणि १९८७ मध्ये घटक राज्य झाल्यावर चाळीस झाले तरी सभागृह एकच राहिले. म्हणून गोव्यातल्या वाचकाला एक गोष्ट समजावून सांगणे भाग आहे. पैशाच्या बाबतीत विधान परिषद हे जवळजवळ हात बांधलेले सभागृह असते. धन विधेयक तिथे मांडताच येत नाही. विधानसभेने मंजूर करून पाठवले की परिषदेने चौदा दिवसांत शिफारशींसह किंवा शिफारशींविना परत पाठवायचे. शिफारशी मानायच्या की नाही हे विधानसभा ठरवणार. त्यातही जो सभापती असतो त्याने चर्चेत भाग घ्यायचा नसतो, आणि मतदान करायचे ते फक्त समसमान मते पडली तर.

म्हणजे करांबद्दल ज्या सभागृहाला शेवटचा शब्द नाही, त्या सभागृहात ज्याला चर्चेत बोलायचीही मुभा नाही असा हा माणूस. आणि महाराष्ट्राच्या पहिल्या पन्नास वर्षांतली कर आणि खर्च यांची सर्वांत धाडसी जोडणी ज्या कल्पनेतून झाली ती कल्पना याच माणसाची! एखाद्या आमदाराची कामगिरी बघायची तर आपण विधिमंडळातली भाषणे चाळतो, कपात सूचना बघतो, कुठल्या कराला विरोध केला ते शोधतो. पागेंच्या बाबतीत असे काही फारसे हाती लागायचे नाही. त्यांचे काम सभागृहाबाहेर झाले, पत्रांतून, टिपणांतून आणि गावोगाव फिरून.

गोष्ट १९६५ ची. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. ग्रामीण भागात शेतीचा हंगाम संपला की हातांना काम नाही, आणि सरकारच्या विकास योजनांचा पैसा भूमिहीन मजुरापर्यंत पोचतच नाही, हे पागे बघत होते. घरी बोलता बोलता त्यांनी पत्नीसमोर एक हिशेब मांडला अशी आठवण सांगितली जाते: सातशे रुपये हातात दिले तर किती माणसांना किती दिवस काम देता येईल? या घरगुती त्रैराशिकातून निघालेली कल्पना त्यांनी पत्राने मुख्यमंत्र्यांना कळवली. नाईकांनी ती टोपलीत टाकली नाही, याचे श्रेय त्यांनाही दिले पाहिजे. तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी प्रयोग सुरू झाला. जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि काम असे द्यायचे की त्यातून गावात काही तरी उभे राहील: बांध, नाला, तळे, रस्ता. भीक नको आणि नुसते खड्डे खणून बुजवणेही नको, हा पागेंचा आग्रह होता.

हे ऐकायला साधे वाटते. पण यातला "जो मागेल त्याला" हा भाग अर्थखात्याची झोप उडवणारा आहे. अंदाजपत्रक म्हणजे काय, तर अमुक कामाला अमुक कोटी, ते संपले की काम बंद. इथे उलट होते. किती माणसे येतील ते सरकारने ठरवायचे नाही, माणसांनी ठरवायचे, आणि येतील तेवढ्यांची मजुरी सरकारने द्यायची. पाऊस चांगला झाला तर खर्च कमी, पाऊस रुसला तर खर्च दुप्पट. असल्या खर्चाला कुठला अर्थमंत्री आनंदाने होकार देईल? पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये देशातल्या दारिद्र्यावरचा आपला गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रामीण गरिबाला कामाची हमी द्यावी असा विचार त्यांनीही मांडला होता. पण अर्थशास्त्रज्ञाने मांडणे निराळे आणि सरकारने तिजोरी उघडून देणे निराळे.

१९७२ मध्ये योजना राज्यभर जाहीर झाली आणि त्याच वर्षी तो दुष्काळ पडला. त्या दुष्काळाचे वर्णन करायला मी लागलो तर हा लेख दुसरीकडेच जाईल. खडी फोडणारी माणसे, कामावर वाटलेली सुकडी, परदेशातून आलेला तो लाल मिलो! देशावरच्या त्या पिढीतल्या कुणालाही मिलोचे नाव काढून बघा, चेहरा बदलतो. दुष्काळी कामांची व्यवस्था वेगळी असल्याने नवी योजना तात्पुरती बाजूला पडली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. ५० लाख! आज गोव्याची सगळी लोकसंख्या सुमारे सोळा लाख आहे, म्हणजे अशा तीन गोव्यांतली तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंतची सगळी माणसे उन्हात खडी फोडत होती असे समजा. या आकड्याने मंत्रालयाला दोन गोष्टी शिकवल्या असाव्यात असे मला वाटते. एक, एवढ्या माणसांना काम देता येते, सरकारी यंत्रणा ते करू शकते. दुसरी, हे दर दुष्काळात धावपळ करून करण्यापेक्षा कायमची सोय केलेली बरी.

कायमची सोय म्हणजे कायमचा पैसा, आणि इथे भाच्याचे दोनशे रुपये येतात.

दुष्काळ सरला, १९७४-७५ मध्ये योजना पुन्हा उभी राहिली, आणि सरकारने तिच्यासाठी एका पाठोपाठ एक कर बसवले. व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा, १ एप्रिल १९७५ पासून लागू. नोकरदार, डॉक्टर, वकील, दुकानदार सगळे त्यात आले. मोटार वाहनांवर जादा कर, विक्रीकरावर जादा भार, ऊस खरेदीवर जादा कर, जमीन महसुलावर वाढ, ओलिताच्या जमिनीवर विशेष आकारणी, शहरांतल्या बिगरनिवासी जमिनी आणि इमारतींवर कर. या सगळ्यांतून जे उत्पन्न येईल ते रोजगार हमी निधीत जायचे आणि तेवढीच रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून त्यात भरायची. १९६२ च्या शिक्षण उपकराच्या कायद्याचे तर नावच बदलून गेले: महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम. पुण्यामुंबईत ज्यांची दुकाने किंवा ऑफिसे आहेत त्यांनी महापालिकेचे मालमत्ता कराचे बिल काढून बघावे, "रोजगार हमी उपकर" अशी ओळ तिथे सापडते.

या करांचे मसुदे पागेंनी लिहिले असे मला म्हणायचे नाही. ते काम सरकारचे आणि मंजुरी विधिमंडळाची. शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री होते त्या काळात व्यवसाय कराची वसुली सुरू झाली. पण कर बसवताना तो कशासाठी हे कायद्यात सांगायचे, त्याचा निधी वेगळा ठेवायचा आणि तो भुकेल्या माणसाच्या कामाला बांधून टाकायचा, ही गोष्ट योजनेच्या मूळ स्वभावातच होती. काम मागण्याला मर्यादा नाही, तर पैशाचा झराही वर्षागणिक अंदाजपत्रकाच्या मर्जीवर ठेवून चालणार नाही, हे तर्काने येतेच.

१९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांनी एकमताने केला, तेव्हा वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते. राष्ट्रपतींची संमती यायला १९७८ उजाडले आणि कायदा अमलात आला २६ जानेवारी १९७९ रोजी, शरद पवारांच्या पहिल्या मंत्रिमंडळाच्या काळात. तोवर पागे सभापतिपदावरून पायउतार झाले होते. एका योजनेला चार मुख्यमंत्री, दोनतीन पक्षांतरे आणि मध्ये एक आणीबाणी! एवढ्या उलथापालथीत एकाही सरकारने ती मोडली नाही, हे लक्षात घ्या. नवे सरकार आले की आधीच्याची योजना गुंडाळायची, निदान तिचे नाव तरी बदलायचे, हा रिवाज आपण गोव्यातही पुरेसा बघितलेला आहे.

कायद्यात काय होते? गावातल्या कुठल्याही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांत द्यायचे. दिले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्ता तुटपुंजा होता, दिवसाला किमान एक रुपया. पण सरकार काम देऊ शकले नाही तर सरकारने दंड भरायचा, हे तत्त्व त्यात होते. खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवर गेला पाहिजे, म्हणजे कंत्राटदाराच्या यंत्रांना आणि सिमेंटला आळा. बाईला आणि पुरुषाला एकाच दराने मजुरी. कामावर बायकांची संख्या मोठी असायची, पुष्कळ ठिकाणी पुरुषांपेक्षा जास्त. घरापासून जवळ, ठेकेदाराची मेहेरबानी नाही, मुलाला सावलीत ठेवायची सोय कागदावर तरी आहे, असे काम तिला दुसरे कुठे मिळणार होते? १९७९-८० च्या सुमाराला वर्षाकाठी वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवसांचे काम या योजनेवर झाले.

आता दुसरी बाजू. मला स्वतःला ही योजना कळायला वेळ लागला, कारण मी ती प्रथम ऐकली ती मुंबईतल्या गोंयकारांच्या तोंडून. गिरगावात आमचे एक नातेवाईक राहायचे. सरकारी नोकर, प्रामाणिक, पै पैचा हिशेब ठेवणारे. ते म्हणायचे, "पगार मुंबईत कमवायचा, कर मुंबईत भरायचा आणि पाझर तलाव व्हायचा कुठल्या तरी पाटलाच्या शेताजवळ." यात तथ्य नव्हते असे नाही. व्यवसाय कराचा मोठा वाटा मुंबईतून आणि शहरी पट्ट्यातून येत होता. पाझर तलाव झाला की खालच्या विहिरींना पाणी वाढायचे, आणि विहिरी असायच्या त्या जमीनवाल्यांच्या. मजुराला हंगामापुरती मजुरी, बागायतदाराला कायमचे पाणी. अभ्यासकांनीही हे दाखवून दिले आहे. ग्रामीण आमदारांनी एकमताने कायदा केला त्यात त्यांचे औदार्य किती आणि हिशेब किती, हा प्रश्न विचारायलाच हवा.

त्यात हजेरीपटाचे घोटाळे. कामावर नसलेल्या, कधी मेलेल्याही माणसांची नावे, न झालेल्या कामांची मोजमापे. "रोहयो" या तीन अक्षरांची वर्तमानपत्रांत व्हायची ती बातमी बहुतेक वेळा घोटाळ्याचीच.

तरी गिरगावच्या काकांशी मी आज वाद घातला असता. म्हटले असते, काका, मुंबईला येणारी माणसे कुठून येतात? दुष्काळ पडला की फूटपाथवर बिऱ्हाड कुणाचे येते? मजुराला गावात चार महिने काम मिळाले तर त्याचा फायदा तुम्हालाही आहे. आणि वर्षाला २५० रुपये ही तेव्हाची कमाल मर्यादा, तेवढाही सगळ्यांना पडत नव्हता. पण काका गेले, तो वाद राहिला.

आमच्या बाजूला या योजनेचे एक रूप प्रत्यक्ष बघता येते. डिचोलीहून दोडामार्गला जा, किंवा पत्रादेवीचा नाका ओलांडून बांद्याच्या बाजूला उतरा. डोंगरउतारांवर काजूची कलमे ओळीत लावलेली दिसतात, मध्ये मध्ये हापूस. त्यांतली बरीच लागवड १९९० मध्ये सुरू झालेल्या, रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतली. शेतकऱ्याने आपल्याच जमिनीत खड्डे खणायचे, कलमे लावायची, जगवायची, आणि त्याची मजुरी सरकारने द्यायची. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे वरकस डोंगर त्यामुळे बदलून गेले. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे असे वेंगुर्ल्याच्या काजूच्या मुळांशी येऊन मुरले म्हणायचे. अर्थात इथेही ज्याच्याकडे डोंगर त्याच्याकडे काजू. भूमिहीनाला खड्डे खणायची मजुरी, आणि ती एकदाच. मूळ कल्पनेपासून योजना किती सरकली याचे हे उदाहरण आहे की तिच्या यशाचे, मला अजून ठरवता आलेले नाही.

गोव्यात तेव्हा काय चालले होते? नाईक मुख्यमंत्री असताना इथे भाऊसाहेब बांदोडकर होते. आमच्या लहानशा अंदाजपत्रकातला पैसा त्यांनी गावोगावच्या प्राथमिक शाळांत ओतला आणि त्या शाळांत आमची एक पिढी शिकली. रोजगाराच्या हमीची गरज इथे त्या तीव्रतेने नव्हती. पाऊस भरपूर, खाणी होत्या, मुंबईला आणि परदेशी जायची वाट होती. त्याही आधी गांवकरीच्या काळात खाजनांचे बांद राखायचा खर्च गावच्या उत्पन्नातून व्हायचा. म्हणजे सार्वजनिक कामासाठी वर्गणी आणि श्रम ही कल्पना आपल्याला परकी नाही. पण डिचोलीच्या माणसाने काणकोणच्या अनोळखी मजुरासाठी दर महिन्याला पगारातून पैसे द्यावेत, असे कुणी आपल्याला कधी सांगितलेले नाही.

२००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला. तो करताना महाराष्ट्राचा तीस वर्षांचा अनुभव समोर होता. फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली आणि २००८ मध्ये तो देशभर, आपल्या गोव्यातही, आला. इथे त्याने फारसा जोर धरला नाही, कारण बाजारातली मजुरी त्यापेक्षा जास्त होती. पण महाराष्ट्राच्या हिशेबात एक चमत्कारिक गोष्ट घडली. नव्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राने उचलला. राज्याकडे उरला तो साहित्याच्या खर्चातला पाव हिस्सा, बेकारी भत्ता, आणि वर्षाच्या शंभर दिवसांपलीकडचे काम. म्हणजे ज्या खर्चासाठी व्यवसाय कर बसवला होता त्याचा मुख्य भार दिल्लीने घेतला. आणि कर? तो चालूच राहिला. त्याआधीपासूनच निधीत पैसे साचत होते, सरकारचा बरोबरीचा वाटा वेळेवर पडत नव्हता, आणि महालेखापरीक्षकांनी त्यावर ताशेरे मारले होते. विक्रीकराचा २००५ मध्ये व्हॅट झाला आणि २०१७ मध्ये तो वस्तू व सेवा करात विरघळून गेला. व्यवसाय कर मात्र सगळ्या वादळांतून वाचला. २०२३ च्या अंदाजपत्रकात महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना त्यातून सूट देण्यात आली, एवढाच काय तो बदल.

आता डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या केंद्रीय कायद्याच्या जागी नवा कायदा केला आहे. दिवस शंभराचे सव्वाशे केले, पण बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्राचे ६० आणि राज्याचे ४० अशी ठेवली. म्हणजे मजुरीचा भार काही प्रमाणात पुन्हा राज्यांच्या तिजोरीकडे येणार. इतर राज्यांना त्यासाठी पैसा शोधावा लागेल. महाराष्ट्राकडे तो झरा पन्नास वर्षे वाहता आहे. त्याचे पाणी मूळ पाटात सोडणार की नाही, ते बघायचे.

पागे १९९० मध्ये गेले. मुंबईच्या विधान भवनात त्यांच्या नावाचे संसदीय प्रशिक्षण केंद्र आहे, नव्या आमदारांना तिथे कामकाजाचे धडे मिळतात.

परवा भाच्याला फोन करून हे सगळे सांगितले. बराच वेळ ऐकून घेतले त्याने. मग म्हणाला, "मामा, म्हणजे माझ्या पैशाचे काजू तुम्ही दोडामार्गहून आणून खाता!" मी म्हटले, तुझ्या नाही बाबा, तुझ्या आधीच्यांच्या. तुझे कुठे गेले ते मलाही सापडलेले नाही.